इंटरव्हलनंतर परत आलेले

काकांनी आयुष्याची चाळीस वर्षं सिनेमाच्या दारात काढली आणि एकही सिनेमा सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिला नाही. आधी भांडुपच्या एका जुन्या थिएटरात, आणि ते पाडल्यावर मुलुंडला, मॉलमधल्या आमच्या मल्टिप्लेक्सात. इथे त्यांच्या हुद्द्याला इंग्रजी नाव होतं, शर्टावर बिल्ला होता, हातात तिकीट स्कॅन करायचं यंत्र होतं. पण कुणी विचारलं तर ते 'डोअरकीपर' एवढंच सांगत. मी तिथली ड्यूटी मॅनेजर, म्हणजे कागदावर त्यांची साहेब. प्रत्यक्षात कुठल्या ऑडीचा, म्हणजे पडद्याच्या हॉलचा, एसी कधी रुसतो इथपासून सगळं मला पहिले सहा महिने त्यांनीच शिकवलं.

सिनेमा सोडून ते प्रेक्षक बघत, तेही पाठीमागून. शेवटच्या रांगेमागे भिंतीला टेकून उभे राहत आणि पडद्याच्या उजेडात दिसणाऱ्या डोक्यांकडे बघत. त्यामुळे माणसं त्यांना मागूनच ओळखू येत. लॉबीत समोरून आलेल्या नेहमीच्या गिऱ्हाइकाला ते नवख्यासारखं 'या, बसा' करत आणि तेच गिऱ्हाईक आत जाऊन बसलं की माझ्यापाशी येऊन हळूच म्हणत, "एफ सातवर तो मागच्या महिन्यातला टकलू आलाय. आज बायकोऐवजी आई आहे." एकदा मला म्हणाले, "मॅडम, तुमची मान हल्ली डावीकडे झुकते. खुर्ची बदलून घ्या." मी बदलून घेतली आणि दुखणं गेलं.

त्यांची खरी तऱ्हा वेगळीच होती. रोज दुपारच्या एका शोला इंटरव्हल संपून सिनेमा सुरू झाला की दहा मिनिटांनी ते ऑडीत शिरत, टॉर्च जमिनीकडे धरत आणि डोकी मोजत. उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरायचा, बारा झाले की डाव्या हाताचं एक बोट मिटायचं. इंटरव्हलच्या आधीचा आकडा ते धरतच नसत. मोजून झालं की खिशातल्या चिठ्ठीवर लिहीत आणि घरी गेल्यावर भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या तारखेच्या चौकोनात उतरवत. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, "पहिल्या हाफला माणूस पोस्टर बघून येतो, मित्राने ओढून आणलं म्हणून येतो, एसी आहे म्हणून पण येतो. इंटरव्हलला दार उघडं असतं. जो परत येऊन बसतो ना, तो आपला."

कंपनीला या आकड्याचं काहीच नव्हतं. विकलेली तिकिटं कॉम्प्युटरवर मिनिटामिनिटाला दिसत होती. मीही हा एका म्हाताऱ्या माणसाचा छंद म्हणून सोडून दिला होता. तशी मी फार हुशार आहे असा तेव्हा माझा समज होता.

मी लागले त्याच वर्षी एका सिनेमाने कमाईचं रेकॉर्ड मोडलं आणि मुख्य कचेरीने केक पाठवला. केकवर क्रीमने भला मोठा आकडा काढला होता, पुढे 'कोटी'. शो सुरू व्हायच्या आधी सगळा स्टाफ लॉबीत जमला, फोटो झाले. काका मात्र दारातून हलेनात. आमचा तिकीट खिडकीवरचा नीलेश प्लेट घेऊन त्यांच्याकडे गेला.

"काका, रेकॉर्ड आहे यार. खा ना."

"किती दिवस राहणार रे हे रेकॉर्ड?"

"आयुष्यभर."

"कुणाच्या?"

नीलेश हसला. काका हसले नाहीत. ते म्हणाले, "आमच्या वेळच्या बाल्कनीच्या तिकिटात तुमच्याकडे पॉपकॉर्नचा वास पण मिळणार नाही. तिकीट वाढत राहणार, रेकॉर्ड मोडत राहणार. त्यात सिनेमाने काय केलं?" मग माझ्याकडे वळले. "मॅडम, तुमच्या आईने बघितलेला पहिला सिनेमा कुठला?"

हा प्रश्न ते सगळ्यांना विचारत. रेकॉर्डचं नाव काढलं की हा प्रश्न ठरलेला. मला ते माहीत होतं, कारण आईने ती गोष्ट शंभर वेळा सांगितली होती. घाटकोपरला, मामाबरोबर, भर उन्हात दोन तास रांगेत आणि आत शिरताना चपलेचा अंगठा तुटला.

"त्याने धंदा किती केला?" काकांनी विचारलं.

मी काय सांगणार? त्यांनी मला आईला फोन करायला लावला आणि मीही वेड्यासारखा केला. आईला चपलेचा रंगसुद्धा आठवत होता. धंद्याचं विचारलं तर म्हणाली, "मला गं कशाला ठाऊक असेल? मी काय थिएटरची मालकीण होते?" काकांनी मान डोलावली आणि तेवढं ऐकून झाल्यावर केकचा लहानसा तुकडा खाल्ला. त्यांचं एकूण असंच असे, आधी आपलं म्हणणं मांडायचं आणि मग समोरच्याचं मन राखायचं.

त्यांच्या मोजण्यामागची गोष्ट मला बऱ्याच दिवसांनी कळली. दुपारचा चहा आम्ही मागच्या जिन्यात घेत असू. तिथे त्यांनी ती सांगितली, अगदी सपाट आवाजात. भांडुपच्या त्यांच्या थिएटरात एक मराठी सिनेमा लागला होता. चांगला चालला, तेवीस आठवडे चालला आणि मग एकदम बसला. पंचवीस आठवडे झाले की ज्युबिली. ज्युबिली झाली की निर्मात्याकडून थिएटरच्या माणसांना ट्रॉफी मिळायची, मालकापासून मशीन चालवणाऱ्यापर्यंत आणि अगदी डोअरकीपरलासुद्धा. तोवर त्यांच्या थिएटरात कुठल्याच सिनेमाने पंचविशी गाठली नव्हती. आणि ठरावीक संख्येखाली माणसं आली की मालक सिनेमा उतरवायचा.

"मग आम्ही ठरवलं," काका म्हणाले. "सगळ्या स्टाफने आपापली घरची माणसं आणायची. बायका, पोरं, शेजारीपाजारी. तिकिटं आमच्या खिशातून. नवीन लग्न झालेलं माझं. हिला रोज मॅटिनीला आणून बसवायचो. एक दिवस ताप होता तेवढं सोडून तेरा दिवस बसली."

"कंटाळल्या नाहीत?"

"तेच तर. रोज त्याच जागी रडायची. तेराव्या दिवशी पण. मी मागे उभा राहून बघायचो, खांदे हलायचे." त्यांनी कपातला चहा उगाच फिरवला. "पंचवीस आठवडे झाले. ट्रॉफी मिळाली. पेपरात नाव आलं. दोन वर्षांनी दुसरा सिनेमा तीस आठवडे चालला, आमचा फोटो लॉबीतून काढला. आता ते थिएटर पण नाही. पण ट्रॉफीवर पंचवीस लिहिलंय आणि मला माहितीये तेवीस आहेत. मी त्यावर कागदाची पट्टी चिकटवली. तेवीस."

"आणि काकू? त्या तर खऱ्या रडत होत्या."

"तेच कळत नाही मॅडम. तिला धरायचं की नाही ते मला अजून कळलेलं नाही. नाहीच धरलं शेवटी."

तेव्हापासून ते मोजत होते. आपणच आणून बसवलेली माणसं प्रेक्षक म्हणून मोजल्याची बोच होती ती. मी ऐकलं, मला वाईटही वाटलं आणि मग चहा संपवून आम्ही आपापल्या कामाला लागलो.

आता त्या रविवारचं सांगायला हवं. हे मी आजवर लांबणीवर टाकत आले आहे.

एक फार मोठा सिनेमा आला होता. पहिल्या तीन दिवसांत आधीचं रेकॉर्ड मोडायचंच असा त्याच्या लोकांनी चंग बांधला होता. शुक्रवारपासून आमच्याकडे ऑडी तीनचे सगळे शो अॅपवर भरलेले दिसत होते. आत पाहिलं तर बहुतेक खुर्च्या रिकाम्या. कुणीतरी घाऊक तिकिटं काढून ठेवली होती. कुणी ते आम्हाला कधीच कळलं नाही आणि आम्ही विचारलंही नाही. पैसे आले होते, खिडकीवर 'हाऊसफुल्ल' लागलं होतं, आमचे साहेब खूष होते.

रविवारी दुपारच्या शोला सहा बायका आल्या. आसपासच्या टॉवरमध्ये धुणीभांडी, स्वयंपाक करणाऱ्या. सहाजणींची सुट्टी एका दिवशी येणं ही किती अवघड गोष्ट आहे, हे त्यांच्याकडे बघून कळत होतं. ठेवणीतल्या साड्या होत्या, एकीच्या हातात स्टीलचा डबा होता. अॅप वगैरे त्यांच्या गावी नव्हतं. खिडकीवर आल्या आणि नीलेशने सांगितलं, "मावशी, फुल्ल आहे. मी काय करू?"

"सहाच पाहिजेत रे दादा. कोपऱ्यात दे कुठे पण."

"अहो एक पण नाही."

त्या परत गेल्या नाहीत. मॉलच्या पायऱ्यांवर बसल्या. डबेवाली म्हणाली, "जरा बसू. इथे पण थंड आहे." ते मी ऐकलं.

काका माझ्याकडे आले. "मॅडम, आत दोनशे खुर्च्या रिकाम्या आहेत."

"विकल्या गेल्यात काका."

"विकल्या गेल्यात. बसलं कोण नाही."

मला काय म्हणायचं होतं ते मला तेव्हाही ठाऊक होतं आणि आताही आहे. 'बसवा' एवढाच शब्द. तो माझ्या अधिकारातला होता. पण त्याच महिन्यात माझं प्रमोशन ठरायचं होतं. मी म्हटलं, "मला काही सांगू नका. मला माहीत नको."

"बरं," काका म्हणाले.

आपल्या कॅबिनच्या काचेतून मी पाहिलं, काकांनी यंत्र खिशात घातलं आणि त्या सहाजणींना एकामागे एक आत नेलं. एकीने पदराच्या गाठीतून पैसे काढले, ते त्यांनी हाताने मागे सारले. मी डोळ्यांवर कातडं ओढून कॉम्प्युटरकडे बघत बसले. मग मला राहवेना. इंटरव्हल झाला तशी मी मागच्या जिन्याने, स्टाफच्या दारातून ऑडीत शिरले आणि काकांच्या शेजारी भिंतीला टेकून उभी राहिले. सिनेमा सुरू झाला. दहा मिनिटांनी काकांचा अंगठा पेरांवरून फिरू लागला. मीही त्यांच्याबरोबर मोजलं.

"सदतीस," ते पुटपुटले. "एकतीस आणि या सहा. साही परत आल्या."

पुढे काहीतरी विनोद झाला आणि त्या सहाजणी एकदम हसल्या. सगळ्या ऑडीत तेवढाच आवाज झाला. एवढ्या वर्षांच्या नोकरीत मला तिथे इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. सिनेमा संपेपर्यंत मी हलले नाही.

दोन दिवसांनी मुख्य कचेरीतून एक साहेब आले. ऑडीच्या पुढच्या दाराच्या कॅमेऱ्यात सहा बायका स्कॅन न होता आत जाताना दिसल्या होत्या, आणि एकीने हात पुढे केलेलाही दिसला होता. दारावरचा माणूस बायकांकडून परस्पर पैसे घेऊन त्यांना आत सोडतो असा अर्थ त्यांनी काढला. मला एक छापील जबाब भरायला दिला. त्यात प्रश्न होता, सदर वेळी आपण कोठे होता. मागच्या जिन्याच्या दारावर कॅमेरा नव्हता. मी लिहिलं, 'कॅबिनमध्ये. मला याची कल्पना नव्हती.' सही केली.

काकांना माझ्यासमोरच विचारलं, "कुणाच्या परवानगीने सोडलंत?"

"माझ्याच."

"पैसे किती घेतले?"

"घेतले नाहीत."

त्यांनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मी बोलले असते असं मी नंतर कितीतरी दिवस स्वतःला सांगत होते. ते खोटं आहे, मी तेव्हाही बोलले नसते. काकांना कामावरून काढलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी इस्त्री केलेला युनिफॉर्म घडी घालून टेबलावर ठेवला, त्यावर बिल्ला ठेवला. जुन्या थिएटरातली तीन सेलची टॉर्च त्यांची स्वतःची होती, ती काखेत मारली. दारात थांबून म्हणाले, "ऑडी एकच्या एसीवर लक्ष ठेवा, शुक्रवारी दगा देतो."

त्या आठवड्यात केक आला. मला प्रमोशनही मिळालं.

रेकॉर्ड वर्षभरही टिकलं नाही. दिवाळीला दुसरा सिनेमा आला, दुसरा केक आला. काकांबद्दल अधूनमधून कळायचं. भांडुपला एका सोसायटीच्या गेटवर बसतात, तब्येत बरी नसते. मग एका सकाळी नीलेश माझ्या कॅबिनमध्ये आला. "काका गेले गं," म्हणाला. एरवी तो मला मॅडम म्हणतो.

महिन्याभराने मी त्यांच्या घरी गेले. टेकडीच्या उतारावरची चाळ, दुसरी खोली. काकू मालवणकडच्या, बारीक, ताठ बसणाऱ्या. मी कोण ते सांगितलं. "वळाखलंय," त्या म्हणाल्या. "ये गो बाय. बस."

फळीवर ती ट्रॉफी होती. सोनेरी मुलामा उडालेला, आणि पाटीवर पिवळी पडलेली कागदाची पट्टी, तेवीस. शेजारच्या खिळ्यावर कॅलेंडरं होती, चालू वर्षाच्या मागे जुनी सगळी तशीच एकावर एक. काकांच्या अक्षरातले आकडे, चौकोनाचौकोनांत. मी विचारलं, "बघू का?" काकूंनी मान हलवली. मला एकच तारीख बघायची होती. मी ते साल काढलं, महिना उलटला, रविवार शोधला.

चौकोनात लिहिलं होतं, ३८.

मी स्वतः मोजलं होतं त्यांच्याबरोबर. सदतीस होते. काका मोजण्यात चुकणारे नव्हते. माझं बोट तिथेच राहिलं.

"ता ना?" काकू म्हणाल्या. "मी तेव्हाच इचारलंय तेंका. फुल्ल म्हणतत, मग एवढेच कशे? तर म्हणाले, सदतीस बसलेले आणि एक मॅडम मागे उभी. इंटरव्हल झाल्यार आपणहून इली."

मी म्हटलं, "काकू, मी लिहून दिलं होतं की मी तिथे नव्हते."

"म्हायत असा." त्यांनी पदर सारखा केला. "मी म्हटलंय तेंका, ह्या कॅलेंडर घेवन जावा, साहेबाक दाखवा. तर म्हणाले, ह्या दाखवूचा नाय, ठेवूचा. पैसे घेतले म्हणून आळ घातल्यानी तेंच्यार, ता मात्र तेंका लागला. शेवटपर्यंत लागला."

मला रडू येत होतं आणि त्यांच्या घरात बसून रडायचा आपल्याला अधिकार नाही हेही कळत होतं. काकू उठल्या, स्टोव्हकडे गेल्या आणि माझ्याकडे पाठ करूनच म्हणाल्या, "तेरा दिवस बसलंय मी. रडान रडान डोळे सुजले. माका धरूक नाय. आणि तुका धरल्यानी."

त्यात राग नव्हता. जसं घडलं तसं त्यांनी सांगितलं. मग चहा केला, माझ्या हातात कप दिला आणि साखर पुरे की आणखी हवी ते विचारलं.

त्या आठवड्यात मी मुख्य कचेरीला नवा जबाब लिहून दिला. सदर वेळी मी ऑडी तीनमध्ये होते. सहा बायकांना बसवलं ते मला माहीत होतं. मी थांबवलं नाही. पैसे घेतले गेले नाहीत, एकीने पुढे केले ते परत केले, हे मी पाहिलं आहे. आठ दिवसांनी उत्तर आलं की संबंधित कर्मचारी हयात नसल्यामुळे प्रकरण बंद समजावं. खाली मला एक लेखी ताकीद होती. एवढंच. तेव्हा खरं बोलले असते तरी मला तेवढंच मिळालं असतं.

माझ्या जबाबाची एक प्रत मी काकूंना नेऊन दिली, वाचून दाखवली. 'पैसे घेतले गेले नाहीत' हे वाक्य त्यांनी दोनदा वाचायला लावलं आणि कागद ट्रॉफीखाली ठेवला. निघताना मी म्हटलं, "काकू, मला विचाराल तर ते पंचवीसच आठवडे होते." त्या मला सोडायला चाळीच्या टोकापर्यंत आल्या.

मी अजून तिथेच नोकरी करते. कुठल्या सिनेमाने कुठला आकडा मोडला हे विचारलंत तर मला कॉम्प्युटरवर बघून सांगावं लागेल. दुपारच्या शोला इंटरव्हल संपला की मी मागच्या जिन्याने आत जाते, भिंतीला टेकून उभी राहते, अंगठा पेरांवर ठेवते आणि डोकी मोजते. मोजून झाली की त्यात एक मिळवते.